मडगार्डवर कोणी बसायचं नाही

आमच्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला हळदकुंकू मी लावलं, नारळ अण्णाजींनी फोडला, पेढे अर्ध्या गावाने खाल्ले, आणि तो चालवायचा कोणी हा प्रश्न पेढे संपल्यावर निघाला. अंगणात त्या दिवशी एवढी शहाणी माणसं उभी होती. एकाच्याही तोंडून हा प्रश्न आधी निघू नये, याचा मला आजही राग येतो. मीही विचारला नाही हे खरं, पण माझ्या हातात आरतीचं ताट होतं, आणि ताट धरलेल्या बाईने प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

पद्धतींचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. अण्णाजी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्याच्या बायकोने भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्या घराची रीत. मी सेलूच्या शाळेत गणित शिकवत होते, हेडमास्तरांशी वेळापत्रकावरून भांडत होते, पण घरी आल्यावर अण्णाजींना भाजीत मीठ बरोबर आहे का एवढं विचारायचं तरी ते जाऊबाईंमार्फत. जाऊबाई म्हणजे लीलाबाई, अण्णाजींच्या पत्नी. मनाने फार चांगल्या, पण निरोप मिळाला तसा पोचवणं त्यांना कधी जमलं नाही. "डिझेल संपत आलं" असा निरोप मी द्यावा आणि तो ओसरीवर "कोकिळा म्हनते तुमचं घरात ध्यान नाई" असा पोचावा. आमचे हे, रूपराव, आर्वीला कचेरीत कारकून. शनिवारी यायचे आणि सोमवारी पहिल्या एसटीने जायचे. म्हणजे आठवडाभर एका अंगणात ट्रॅक्टर, अण्णाजी आणि मी, आणि तिघांचंही एकमेकांशी बोलणं नाही.

गावात ट्रॅक्टर चालवता येणारा एकच माणूस होता, चंद्रभान. अण्णाजींनी त्याला बोलावलं. त्याने वावरात नांगराचा पहिला तास, म्हणजे पहिली चर, काढला आणि अण्णाजी बांधावरून म्हणाले, "वाकडा आला."

चंद्रभानने ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला, चावी अण्णाजींच्या हातात ठेवली. "मंग तुम्हीच काढा सिधा," म्हणाला आणि कॅनॉलच्या कामावर लागला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असते तर चावी हातात ठेवली नसती, विहिरीत टाकली असती.

उन्हाळा एक्क्याऐंशी सालचा. नांगरटी राहिलेली. बैलजोडी ट्रॅक्टरच्या भरवशावर विकून टाकलेली. भाड्याचे ट्रॅक्टर केळझरपासून सेलूपर्यंत आधीच लोकांनी धरून ठेवलेले. म्हणजे आमचा नवाकोरा ट्रॅक्टर अंगणात उभा, त्यावर कोंबड्या बसतात, आणि आम्ही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहतो. ओलिताचं वावर तसंच पडून राहिलं तर वर्षभर घराने खायचं काय, हा विचार मी करत होते. अण्णाजी कोंबड्या हाकलत होते.

मग शिबिर निघालं. ज्या दुकानदाराने ट्रॅक्टर दिला त्याने वर्ध्याला "शेतकरी बंधूंसाठी" ट्रॅक्टर सुरू करण्याचं आणि सुरक्षित हाकण्याचं शिक्षण ठेवलं. अण्णाजी निघाले. नवऱ्याला एकटं जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून लीलाबाई निघाल्या. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून मी निघाले. पोचताच एका माणसाने आम्हा दोघींना वेगळ्या शामियान्यात नेऊन बसवलं. तिथे एक बाई मुरंबा वर्षभर कसा टिकवायचा हे सांगत होत्या. मुरंब्याशी माझं वैर नाही, पण भर उन्हात एसटीत उभ्याने येऊन मुरंबा ऐकावा एवढी मी मुरलेलीही नाही. पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि पलीकडच्या शामियान्याच्या कनातीला एक फट होती तिथे जाऊन उभी राहिले.

शिकवणारा माणूस चांगला होता. तो म्हणत होता, "बसायच्या आधी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारा. खाली कोणी सावलीला झोपलं नाही ना, पाहा. मग वर चढा. गिअर न्यूट्रलला आणा, दांडा हलवून खात्री करा. नांगर खाली टेकलेला असू द्या. क्लच पूर्ण दाबा आणि मगच चावी फिरवा. जमिनीवर उभं राहून कधी चालू करू नका." मग ब्रेक दाखवले. डाव्या चाकाचा वेगळा, उजव्या चाकाचा वेगळा. वावरात वळताना एकेक वापरायचा, पण रस्त्यावर खिट्टी लावून दोन्ही जोडायचे, नाहीतर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर उलटतो. शेवटी तो म्हणाला, "मडगार्डवर कोणालाही बसवू नका. मागच्या चाकाखाली सापडलेला माणूस बहुतेक वेळा मडगार्डवरून पडलेला असतो."

फटीतून मी सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. अण्णाजी पहिल्या रांगेत होते. तोंडावर दुपट्टा घेऊन झोपले होते.

शिबिर संपताना तिथेच लायसन देणारे साहेब आले. त्यांनी अण्णाजींना विचारलं, "चालवता येतं ना?"

"लहानपनापासून," अण्णाजी म्हणाले.

आमच्या घरी तेव्हा ट्रॅक्टर येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. शिकवणाऱ्या माणसाने सगळं स्वतःच हाताळत अण्णाजींना मैदानात एक फेरी मारून आणली, आणि माझे भासरे लायसनवाले झाले. मला मुरंब्याच्या कृतीचा कागद मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजी धुतलेलं धोतर नेसून ट्रॅक्टरवर चढले. गाव जमलं. सगळ्यांत पुढे आमचे शेजारी भैयाजी. भैयाजी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी ड्रायव्हरच्या मागे उभं राहून काढल्यामुळे गाडी हाकण्यातलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही अशी त्यांची खात्री होती. ते मडगार्डवर चढून बसले आणि अण्णाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भेता कायले, मी आहो ना."

मी दाराआडून पाहत होते. गिअरचा दांडा मधोमध नव्हता. ब्रेकची खिट्टी मोकळी लोंबत होती. मी लीलाबाईंना म्हटलं, "जाऊबाई, त्यायले सांगा, गिअर काढायचा राह्यला."

"आता चार लोकायत काय सांगू माय," जाऊबाई म्हणाल्या. "इज्जत जाते त्यायची."

अण्णाजींनी चावी फिरवली. ट्रॅक्टरने हिसका दिला, इंजिन धडाडलं आणि तो सरळ निघाला. अण्णाजी "हो, हो" करत स्टिअरिंग कासऱ्यासारखं मागे ओढू लागले. मग पायाखाली जो ब्रेक सापडला तो त्यांनी दाबला. सापडला उजवा, म्हणून ट्रॅक्टर उजवीकडे वळला. उजवीकडे भैयाजींच्या अंगणाची नवीन भिंत होती. माझ्या डोक्यावरचा पदर कधी पडला मला कळलं नाही. मी ओरडले, "क्लच दाबा. डावा पाय, डावा."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द. अण्णाजींना एवढा धक्का बसला की क्लच दाबायचं सोडून त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात भिंत आली.

भैयाजी भिंतीच्या आधीच मडगार्डवरून उडाले होते. नशिबाने उकिरड्यावर पडले. पण त्यांच्या धोतराचा सोगा मागच्या चाकाखाली सापडून मातीत रुतलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. एक वीत इकडे असते तर सोग्याच्या जागी पाय होता. इंजिन पडलेल्या भिंतीला टेकून आपोआप बंद पडलं होतं.

मला वाटलं, आता तरी लोक म्हणतील की माणूस मरता मरता वाचला. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल आला. ट्रॅक्टर व्यवस्थित चालला होता, रूपरावची बायको मधे ओरडली म्हणून अण्णाजींचं ध्यान उडालं. स्वतः भैयाजींनी, पाठीला तेल लावून घेत, हीच साक्ष दिली. बायका पाणी भरताना मला विचारू लागल्या, "काऊन वं, भासऱ्याले बोललीस म्हनते तू?" भिंत पडली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्याबद्दल एक शब्द नाही.

भिंतीबद्दल बोलले ते फक्त ग्रामसेवक. त्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि तो बरोबर मधोमध फुटला होता. भैयाजींचं म्हणणं, भिंतीवर सरकारी जाहिरात आहे तेव्हा भिंत सरकारने बांधून द्यावी. ग्रामसेवकांचं म्हणणं, त्रिकोण सरकारचा, विटा तुमच्या. पंचनाम्याला ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा चहा माझ्याकडे प्यायले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं काय ओरडल्या?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, "महिलेच्या आरडाओरड्यामुळे." मी त्यांच्या पुढ्यातला कप उचलून आत नेला. अर्धा चहा त्यात शिल्लक होता.

शनिवारी हे आले. मी सगळं सांगितलं. यांनी शांतपणे पायजमा घातला, मग पाणी पिऊन म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण थेट बोलायला नको होतं."

"मग कोणामार्फत बोलायचं होतं? भिंत येईपर्यंत जाऊबाईंना निरोप देत बसू?"

"दादाले वाईट वाटलं ना."

त्या रविवारी मी यांच्याशीही बोलणं सोडलं. घरात आता बोलायला फक्त ट्रॅक्टर राहिला होता, म्हणून सोमवारी सकाळी मी त्याच्यावरच चढले.

मी ट्रॅक्टर शिकते आहे ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही, आणि मग सल्ले आले. एकीने सांगितलं, बाई इंजिनावर बसली की पोटात उष्णता जाते, सब्जा पी. दुसरी म्हणाली, आधी केळझरच्या गणपतीला नेऊन आण. तिसरी म्हणाली, गणपती ठीक, पण गिरडच्या बाबाला नवस बोल, भिंत पडली म्हणजे वरचं काहीतरी आहे. पोस्टमन सायकलवरून न उतरता म्हणाला, "मास्तरीनबाई, हँडल हलकं धरजा." भैयाजी तर रोज हजर. मडगार्डवर बसून शिकवतो म्हणाले. पाठ अजून सरळ होत नव्हती त्यांची.

"मडगार्डवर कोणी बसायचं नाही," मी सांगितलं.

"मंग शिकवू कसा?"

"तुम्हाले येत असन तर खालून शिकवा."

ते खालून "डबल बेल" म्हणू लागले. मी निघून गेले.

लीलाबाईंमार्फत निरोप पाठवून मी अण्णाजींना पडीत वावराच्या बांधावर उभं केलं होतं, कारण शिकणाऱ्यासोबत लायसनवाला माणूस हवा असं यांनी जाता जाता सांगितलं होतं. अण्णाजी पळसाच्या सावलीत पाठ करून उभे राहत, म्हणजे आपण पाहत नाही असं दिसावं. मी मात्र कनातीआडून ऐकलेलं एकेक करत गेले. भोवती चक्कर. गिअर न्यूट्रल. क्लच. चावी. पहिल्या दिवशी क्लच एकदम सोडला आणि ट्रॅक्टर बेडकासारखा उडून बंद पडला. मग हळू सोडायला शिकले. वळताना खिट्टी काढली ती लावायला विसरले, दोन्हीऐवजी एकच ब्रेक दाबला गेला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेऊ लागला. आधी वेग कमी करायचा, मग स्टिअरिंग फिरवायचं, हे मी त्या गिरकीत शिकले. नांगर लावला तेव्हा तो एका मुळाला अडला. मी रागाने रेस वाढवून क्लच सोडला तशी पुढची चाकं जमिनीवरून उठली. समोर वावर दिसायचं बंद झालं आणि आभाळ दिसायला लागलं. कसाबसा क्लच दाबला. चाकं धप्पकन खाली आली. मी इंजिन बंद करून बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला रडू येत होतं, पण बांधावर अण्णाजी होते. त्यांनी तेवढ्यापुरती मान वळवली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तोंडातून मात्र शब्द निघाला नाही, कारण रीत.

त्यानंतर अडलेला नांगर मी मागे घेऊन उचलून काढायला लागले. राग ट्रॅक्टरवर काढायचा नाही हे मला त्या दिवशी समजलं. राग काढायला माणसं भरपूर होती.

पहिला नंबर लागला लायसनच्या ऑफिसातल्या बंडोपंतांचा. हे बंडोपंत खिडकीत बसायचे. मी शिकाऊ लायसनचा अर्ज दिला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "मोपेडचा फॉर्म वेगळा असतो, बाई."

"मला ट्रॅक्टरचंच पाहिजे."

"मिस्टरांसाठी?"

"माझ्यासाठी. वर माझं नाव आहे."

"ते नजरचुकीनं पडतं कधी कधी." मग त्यांनी चष्मा वर केला. "मिस्टरांची संमती आणा."

असा नियम कुठे आहे, मी विचारलं. नियम नाही पण पद्धत आहे, ते म्हणाले. पद्धत हा शब्द ऐकून माझं काय होतं ते आता तुम्हाला माहीत आहे. मी खिडकीतून हटले नाही. मागे रांग वाढत गेली, उन्हात माणसं कुरकुरू लागली, पण मी दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकणारी बाई, मला त्याचं काय. शेवटी मागच्याच लोकांनी आरडाओरडा करून बंडोपंतांकडून शिक्का मारून घेतला. रूपरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तर मीही संमती मागितली असती." आमच्या दोघांत जे बोलणं नुकतं सुरू झालं होतं ते पुन्हा बंद पडलं.

परीक्षा सेलूच्या मैदानात. चंद्रभानने कामावरून सुट्टी घेऊन ट्रॅक्टर तिथे नेऊन दिला. चावी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "अण्णाजीले हात लावू देऊ नोका," आणि परत गेला. अण्णाजी आणि भैयाजी एसटीने आले. मला आधार म्हणून आले असं म्हणाले.

परीक्षा घेणारे साहेब वेगळे होते, टाय लावलेले. मी भोवती चक्कर मारली, चढले, दांडा हलवून पाहिला, खिट्टी लावली. साहेब मडगार्डवर पाय ठेवून चढू लागले.

मी म्हटलं, "साहेब, तिथे बसू नका."

"मग परीक्षा कशी घेणार?"

"खाली उभं राहून घ्या. तिथे माणसाची जागा नाही."

"बाई, मी रोज इथे बसतो."

"रोज कोणी पाडलं नसेल. आमच्याकडे एकजण पडला आहे." मी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजी आभाळाकडे पाहू लागले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चारचौघांत बाईचं ऐकून खाली उतरायचं की नाही, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "चालवता की नापास करू?" त्यांनी विचारलं.

मी चावी काढून कमरेला खोचली. त्यांनी कागदावर लिहिलं, परीक्षकास सहकार्य केले नाही. मी ट्रॅक्टर एक फूटही चालवला नव्हता. परीक्षेच्या कॅम्पसाठी आलेले बंडोपंत टेबलामागून कुजबुजले, "बसू द्यायचं होतं ना बाई, एक चक्कर तर होती." मला त्या क्षणी एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. लोकांना वाटलं नापास झाले म्हणून रडते.

आता प्रश्न ट्रॅक्टर घरी न्यायचा. चंद्रभान गेलेला. अण्णाजींनी भैयाजींना सांगितलं, "तिले म्हना, चावी द्या. लायसन माझ्याजवळ आहे."

मी भैयाजींना सांगितलं, "त्यांना म्हणा, चावी मिळणार नाही."

आम्ही दोघं हातभर अंतरावर उभे होतो. भैयाजी दोन्हीकडे तोंड फिरवून दमले. शेवटी बंडोपंतांनीच नियम काढला. शिकाऊ लायसन अजून चालू आहे, तेव्हा बाई चालवू शकतात, फक्त लायसनवाला सोबत पाहिजे.

"पाह्यलं," भैयाजी म्हणाले, "अण्णाजी मडगार्डवर बसतीन."

"मडगार्डवर कोणी बसायचं नाही," मी म्हटलं. "सोबत चालतील."

भैयाजींना बाजार करायचा होता, ते मागून एसटीने येतो म्हणाले. मग मी पहिल्या गिअरमध्ये निघाले आणि अण्णाजी रस्त्याच्या कडेने, ट्रॅक्टरपासून चार हात दूर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून पायी निघाले. मे महिन्याचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मला त्यांची कीव यायला हवी होती. येतही होती. पण वाटेत जो भेटेल त्याला ते हात वर करून सांगत होते, "रूपरावच्या बाईले ट्रॅक्टर शिकवून राह्यलो." पानठेल्यावर सांगितलं. बैलगाडीवाल्याला सांगितलं. विहिरीवरच्या बायकांना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "किती भला भासरा भेटला वं तुले." मी स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं दुखायला लागली.

गावाच्या अलीकडे नाला आहे. रस्ता एकदम खाली उतरतो आणि पुढे अरुंद पूल. मी गिअर तोच ठेवला, रेस कमी केली. अण्णाजी बोनेटकडे पाहून म्हणाले, "इथी न्यूट्रल करा लागते. आपोआप उतरते. डिझेल वाचते."

मी ट्रॅक्टर उताराच्या आधीच थांबवला आणि बंद केला. मागे एसटी होती, ती थांबली. हॉर्न वाजला. मी पदर कमरेला खोचला आणि अण्णाजींकडे सरळ पाहिलं.

"उतारावर न्यूट्रल केलं तर हा कोनाचंच ऐकत नाई," मी म्हटलं. "भैयाजीचं धोतर तुम्ही पाह्यलं. माझी पुढची चाकं उठली ते पाह्यलं. तरी साऱ्या रस्त्यानं सांगत आले, का मी शिकवून राह्यलो. आता खरं काय ते सांगा, मंग मी उतरवते."

एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. त्यात भैयाजींचंही होतं, कोथिंबिरीच्या जुडीसकट. अण्णाजींनी आधी एसटीकडे पाहिलं, मग नाल्याकडे. मला वाटलं आता ते चिडून निघून जातील, घरी भांडण होईल, वाटण्यांपर्यंत जाईल. त्यांनी दुपट्टा सोडला, तोंड पुसलं.

"मले येत नाई," ते हळूच म्हणाले.

"आयकू नाई येत," मी म्हटलं.

"मले ट्रॅक्टर येत नाई," अण्णाजी मोठ्याने म्हणाले. "इले येते."

कंडक्टर दारात लोंबकळत होता. तो म्हणाला, "मंग जिले येते तिले जाऊ द्या ना बुवा. गाडी लेट होऊन राह्यली."

बस्स. कोणी हसलं नाही, कोणाला नवल वाटलं नाही. खिडक्यांतली डोकी आत गेली. मी भासऱ्याशी दोन शब्द बोलले तेव्हा गाव आठवडाभर जागं होतं, आणि भासऱ्याने एवढी मोठी गोष्ट कबूल केली तर तिची किंमत एका लेट गाडीएवढीही नाही. मी क्लच दाबून चावी फिरवली आणि पहिल्या गिअरमध्येच नाला उतरले. एसटी पाठोपाठ उतरली आणि पुढे निघून गेली.

मी घरी गेलेच नाही. बांधावर नांगर ठेवलेला होता, तो जोडला आणि ओलिताच्या वावरात पहिला तास घातला. थोडा वाकडा आला. दुसराही आला. मला कोणी सांगायची गरज नव्हती. ऊन उतरेपर्यंत मी एकामागून एक तास काढत राहिले आणि मनात साहेबांना, बंडोपंतांना, ग्रामसेवकांना, मुरंब्याच्या बाईंना, सगळ्यांना बोलून घेतलं. रूपरावांसाठी वावराची एक अख्खी बाजू राखून ठेवली.

वळताना दिसलं, अण्णाजी बांधावर उभे आहेत. एका हातात पाण्याची गडवी. मी हात केला, तरी ते येईनात. मी ट्रॅक्टर थांबवला तरी येईनात. नांगर खाली टेकवला, गिअर काढला, ब्रेक अडकवला, इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"बंद झाला का पुरा?" त्यांनी बांधावरून विचारलं.

"झाला," मी म्हटलं.

"मंग येतो."

ते ढेकळांतून हळूहळू आले, चाकाला लांबून वळसा घातला आणि समोरून गडवी वर धरली. पाणी उन्हाने कोमट झालं होतं. मी सगळं प्यायले आणि त्यांना म्हटलं, "लीलाबाईंना सांगा, भाकर इकडेच पाठवा. अर्धं वावर राहिलं आहे."

"सांगतो," अण्णाजी म्हणाले. "जसं सांगतलं तसंच सांगतो."